हवेनं काढलेला चेहरा

कूलरच्या ताट्या बदलायला माणूस येतो, काळी पडलेली जुनी खस ओढून काढतो, नवी भरतो, आणि पहिलं पाणी पडलं की घरभर तो ओला, मातकट वास पसरतो. नागपूरकर या वासाची वर्षभर वाट बघतात. माझ्या बहिणीची मुलगी तर कूलरच्या तोंडाशी तोंड नेऊन उभीच राहते. मला मात्र त्या वासाबरोबर आणखी काही वास येतात, जे घरात नसतातच. काळ्या रंगाचा, फोटोच्या औषधाचा आणि तापलेल्या रबराचा. मग दोन-तीन दिवस मी कुणाशी धड बोलत नाही. घरचे मनावर घेत नाहीत. एप्रिलात नागपुरात कोण कुणाशी धड बोलतं म्हणा!

यंदा या भाचीनंच विषय काढला. ती केक करते, विकतेही. केकवर रंग फवारायला तिनं एअरब्रश मागवलाय, सोबत विजेवर चालणारा इवलासा पंप. पंधरा दिवस झाले, केकवरचा तिचा सूर्यास्त काही जमत नाही. रंग थुंकतो, नाहीतर ओघळतो. परवा वैतागून म्हणाली, "मावशी, तू कशी टिकलीस गं यात? मला तर खिडकीतून फेकून द्यावंसं वाटतं. एवढा धीर आणला कुठून?" मी म्हटलं, "मला काही वाटतच नव्हतं, म्हणून टिकले." तिला वाटलं मी विनय दाखवतेय. विनय कसला डोंबलाचा! खरं तेच सांगितलं.

तो आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. त्याच्या मागच्या जूनमध्ये हे गेले. हे म्हणजे माझे यजमान. खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीवर कामाला होते, कावीळ झाली आणि नऊ दिवसांत संपलं सगळं. लग्नाला अकरा महिने झाले होते, मी तेवीस वर्षांची. क्वार्टर रिकामं केलं, दोन ट्रंका घेतल्या आणि प्रताप नगरात बाबांच्या घरी परत आले. तेव्हा प्रताप नगरात घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त; दुपारी खिडकीतून बघितलं तर नुसतं पांढरं ऊन आणि बाभळी. मी बघत बसायची. रडले नाही. लोकांना आधी वाटलं धक्का बसलाय, मग वाटलं पोरगी खंबीर आहे, मग वाटलं दगड आहे. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल कसा होतो, आपलाच पण आपला नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. ताट समोर आलं की जेवायची, कुणी हाक मारली की ओ द्यायची. एवढंच.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पारशिवनीजवळच्या गावात राहायच्या. दीक्षा घेतल्यावर त्यांच्या भिंतीवरचे सगळे देव उतरले होते आणि बुद्धाची एक तसबीर लागली होती. तिच्या बाजूला त्यांनी एक खिळा ठोकून ठेवला होता. वर्ष भरलं की पुण्यानुमोदन असतं, गेलेल्याच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून सगळे वंदना घेतात. आणि यांचा फोटोच नव्हता. लग्नात फोटोवाला सांगितला नाही, मग पुढच्या महिन्यात स्टुडिओत जाऊ, दिवाळीत जाऊ, असं करता करता राहून गेलं. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "फोटो आन वं कुसुम," त्या म्हणाल्या. "कोनापुढं मेनबत्ती लावू मी? मले दिसनं बंद होयाच्या आधी आन."

मी हो म्हटलं. तेव्हा एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, आईलाही नाही. मला यांचा चेहरा आठवत नव्हता. आवाज आठवायचा, घामेजलेला शर्ट आठवायचा, चपला दाराशी कशा काढायचे ते आठवायचं. चेहरा आठवायला गेलं की तिथे काहीच नसायचं. आत्याबाईंना फोटो त्यांच्यासाठी हवा होता आणि मला माझ्यासाठी, पण मी ते बोलले नाही.

शोधता शोधता खापरखेड्याच्या कॉलनीत यांच्या एका सोबत्याकडे एक ग्रुप फोटो निघाला. पाळीतली वीस-बावीस माणसं, मागच्या रांगेत हे. चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तो सोबती फोटो द्यायला तयार नव्हता, त्याचाही तो एकच. एका दिवसापुरता दिला. बाबा तो घेऊन तडक सोमकुवर मास्तरांकडे गेले.

मास्तर बाबांचे शाळेतले दोस्त, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. गावातल्या स्टुडिओंचं फिनिशिंगचं काम करायचे. म्हणजे लहानशा फोटोवरून मोठा केलेला फोटो धुरकट येतो, नाकडोळे विरघळल्यासारखे होतात. त्यावर एअरब्रशनं काळ्या-राखाडी रंगाचे बारीक फवारे देत चेहरा पुन्हा उभा करायचा. त्या काळी गेलेल्या माणसाचा फोटो असाच व्हायचा. मास्तरांनी ग्रुप फोटोची त्याच दिवशी कॉपी काढली, निगेटिव्ह करून ठेवली, मूळ फोटो परत गेला. मग ते बाबांना म्हणाले, "माहा हात कापते आता, गा. चेहऱ्याचं काम जमत नाई. पोरीले पाठव माह्याकडं. तिले शिकवतो, तीच करन."

त्यांनी हे माझ्यासाठी म्हटलं होतं की खरंच हात कापत होता म्हणून, कोण जाणे. हात कापायचा, हे खरं.

भाचीच्या पंपाला बटण आहे. मास्तरांकडे पंप नव्हता, ट्रकच्या चाकाची ट्यूब होती. ती खाटेखाली पडलेली असायची. सायकलच्या पंपानं तिच्यात हवा भरायची आणि तिच्या तोंडाला बारीक नळी लावून ती एअरब्रशला जोडायची. दीड-दोनशे वेळा पंप मारला की पंधरा मिनिटं काम. मग परत पंप. हवा कमी पडायला लागली की मी सरळ ट्यूबवर जाऊन बसायची आणि आणखी चार मिनिटं काढायची. साडीचा काष्टा मारून ट्यूबवर बसलेली तेवीस वर्षांची विधवा. मास्तरीणबाई दारातून बघायच्या आणि पन्ह्याचा पेला ठेवून जायच्या.

एअरब्रश दिसायला पेनासारखा. वर एक छोटी कळ. खाली दाबली की हवा सुटते, मागे ओढली की रंग. दोन्ही एकाच बोटानं, एकाच वेळी, आणि किती ते बोटानंच ओळखायचं. पहिले पंधरा दिवस मी फक्त ठिपके काढले. किराणा दुकानाच्या जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजूला, ओळीनं ठिपके. मग रेघा. मग गडद ते फिकट अशी छटा, जिच्यात पट्टा दिसता कामा नये. पट्टा दिसायचाच. जवळ धरलं की रंगाला कोळ्यासारखे पाय फुटायचे, लांब धरलं की कोरडी रेती उडाल्यासारखं व्हायचं. सकाळी अकरानंतर तर रंग सुईच्या टोकावरच वाळायचा. त्यात ग्लिसरीनचा थेंब टाकायचा, खिडकीला ओलं पोतं लावायचं, आणि खसच्या ताटीचं वारं कागदावर येणार नाही असं बसायचं. बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस, आत आम्ही वाऱ्याकडे पाठ करून.

मास्तर रागावत नसत. त्यांना एकच प्रश्न पडायचा. "घाई काहून करून राहिली?" मी घाई करत नसायची. मला कुठे जायचंच नव्हतं. ते कॅलेंडर उन्हाकडे धरून बघायचे, खाली ठेवायचे, म्हणायचे, "नाई जमलं आज तं उद्या. कागद काई पळून नाई चालला." दुसऱ्या दिवशी मी परत जायची. लोकांना याचं भारी कौतुक. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पोरीनं मन रमवलंय, काय चिकाटी आहे! मला त्या कौतुकाचा राग यायला हवा होता, पण तोही येत नव्हता. खराब झालेल्या कागदाचं ज्याला वाईट वाटतं, त्याला धीर लागतो. मला वाईटच वाटत नव्हतं. शंभर कागद गेले काय नि दोनशे गेले काय.

शिवाय या कामात हात कागदाला लागत नाही. पेन्सिल टेकते, कुंचला टेकतो. इथे दोन बोटं अंतर ठेवून नुसती हवा सोडायची आणि रंग आपोआप जाऊन बसतो. कशालाही न शिकता... नाही, चुकले. कशालाही न शिवता काम होतं. मला ते फार सोयीचं पडलं. एप्रिल संपता संपता माझी छटा इतकी सपाट यायला लागली की मास्तरांनी स्टुडिओचं एक काम मला दिलं. फक्त मागची पार्श्वभूमी. तेही जमलं. मला आनंद झाला नाही, पण झाला असता हे कळलं.

मे महिन्यात यांचा फोटो मोठा करायचा ठरला. मास्तरांच्या मोरीला काळे पडदे लावून डार्करूम केली होती. उन्हाळ्यात तिथलं औषधाचं पाणी इतकं तापायचं की कागद काळाच पडायचा, म्हणून ट्रेभोवती बर्फाचे तुकडे ठेवावे लागत. एका तासाच्या आत काम उरकायचं, बर्फ वितळायच्या आत. मास्तर बाहेरून सांगत होते, मी आत एकटी. निगेटिव्ह फोटो मोठा करायच्या यंत्रात घातली, उजेड सोडला, कागद औषधात टाकला. लाल दिव्यात हळूहळू एक माणूस वर आला. आधी केस, मग डोळ्यांच्या खाचा. धुरकट होता, पण होता. मी बघत राहिले. बर्फ वितळून पाणी पायांवर सांडलं तेव्हा भानावर आले.

पुढचे वीस-बावीस दिवस मी त्या चेहऱ्यावर काम केलं. पातळ कागदाचे मुखवटे कापायचे, जिथे रंग नको तिथे झाकायचं, आणि फवारा, थांब, बघ, परत फवारा. कपाळ, गाल, नाकाची सावली. मला आश्चर्य वाटायचं, हात अडत नव्हता. आठवत नसलेला चेहरा हाताला येत होता. कुठे काय गडद हवं हे बोटाला आधीच ठाऊक असल्यासारखं. कोट मात्र मास्तरांनी पहिल्याच दिवशी घालायला लावला होता. ती त्यांची रीत. गेलेल्या पुरुषाला ते कोट-टाय चढवत, मग तो जन्मभर धोतरात का वावरला असेना. त्या काळी नागपुरातली निम्मी माणसं मेल्यावरच कोटात दिसली असतील. यांचा कामावरचा शर्ट मी काळ्या कोटाखाली झाकून टाकला होता. शेवटी फ्रेम केली. वर्ष भरायला तेरा दिवस होते.

आत्याबाईंना आधी दाखवावा म्हणून एकटीच एस्टीनं निघाले. खापरखेड्यावरून जाताना वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या, धूर दिसला, आमच्या कॉलनीकडे वळणारा रस्ता दिसला. मांडीवर फ्रेम. काही वाटलं नाही.

आत्याबाईंनी फ्रेम दारात उजेडाला नेली. अगदी डोळ्यांशी धरली, मग लांब, मग परत जवळ. खूप वेळ. आणि म्हणाल्या, "हा कोन होय वं?"

"हेच आहेत, आत्याबाई."

"नाई. हा माहा पोरगा नोहे." त्यांनी काचेवर बोट ठेवलं, केसांच्या मधल्या पांढऱ्या रेघेवर. "समोर बसवून रोज भांग पाडून देत होती मी त्याचा, शाळेत जायाच्या येळेले. भांग माह्या उजव्या हाताले येत होता. हा डाव्या हाताले आहे. डोयानं कमी दिसते मले, पन हाताले तं ठाव हाये." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी पदरानं काच पुसली आणि फ्रेम माझ्या हातात परत दिली. "दुसऱ्याच कोनाचा तरी लेक आहे हा. त्याच्या मायले देऊन टाक."

परत येऊन मास्तरांना सांगितलं. ते एकदम उठले, निगेटिव्ह काढली, खिडकीशी धरली आणि कपाळावर हात मारून घेतला. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. मंद बाजू खाली ठेवायची असते. मी उलटी घातली होती. सगळा माणूस उलटा छापला गेला होता, डाव्याचं उजवं झालं होतं. शर्टाचा खिसा दिसत असता तर मास्तरांच्या एका नजरेत आलं असतं, पण खिशावर आम्ही कोट चढवलेला. मूळ फोटो कधीच परत गेलेला. मास्तरांनी यांना कधी पाहिलंच नव्हतं.

पण मी तर पाहिलं होतं ना! अकरा महिने एका घरात राहिले होते. त्या चेहऱ्यावर वीस-बावीस दिवस नाक लावून बसले आणि माझ्या लक्षात आलं नाही. बायको ना मी?

मास्तर म्हणाले, "आरशासमोर धर. मंग सुलटा दिसन. पाह्य त्याची माय काय म्हणून राहिली ते." मास्तरीणबाईंनी भिंतीवरचा आरसा उतरवून दिला. मी फ्रेम समोर धरली. आरशात एक अनोळखी माणूस होता. कुणीतरी बरा, सभ्य, कोटातला. माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी फ्रेम फिरवून नुसती, सरळ, हातात धरून बघितली. तर हे होते.

तेव्हा मला कळलं. क्वार्टरमध्ये गावाकडचं कुणी ना कुणी मुक्कामाला असायचंच. चार माणसांत नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची सोय नव्हती, आणि मला लाजही फार. हे पाळीवर निघताना खिडकीजवळच्या आरशात केस विंचरायचे. मी डबा घेऊन मागे उभी राहायची. तिथे मात्र मी बेधडक बघायची, आणि हेही आरशातूनच माझ्याकडे बघून हसायचे. तेवढंच आमचं बघणं. मी माझा नवरा आरशात पाहिला होता. अकरा महिने, रोज. मला उलटाच माणूस ठाऊक होता, आणि तो मी अगदी बरोबर काढला होता.

फ्रेम हातातून सुटायला लागली तशी मास्तरांनी ती काढून घेतली. जूनमध्ये गेलेला माणूस मला पुढच्या जूनमध्ये गेल्यासारखा वाटला, आणि दुखलं. बाई गं, काय दुखलं! गालातली सुई उतरते ना, तसं. तरी रडू नाही आलं.

वर्ष भरायला अकरा दिवस उरले होते. पुन्हा मोरीत गेले, पुन्हा बर्फ, या वेळी मंद बाजू खाली. पुन्हा तो अनोळखी माणूस वर आला आणि मला आता त्याचं सगळं करायचं होतं. धीर काय असतो ते मला त्या अकरा दिवसांत कळलं. पहिल्या फोटोला धीर लागलाच नव्हता, तो बधिरपणानं झाला होता. याला लागला. आता एक ठिपका बिघडला तरी जीव जायचा. रंगाला पाय फुटले की मी अंगठा चावायची. दोनदा चेहरा पुसून पुन्हा पहिल्यापासून केला. तीन महिन्यांत शिकलेलं बोट विसरून गेलं. "हात कापून राहिला? कापू दे," मास्तर म्हणायचे. स्वतःचा थरथरता पंजा दाखवायचे. "थांब जराशी. श्वास सोड. मंग परत धर." मी थांबायची. ट्यूबवर बसून राहायची, हवा वाया जायची, परत पंप मारायची. हा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता, पण कुणीतरी त्याला समोर बसवून रोज त्याचा भांग पाडला होता, एवढं धरून मी एक एक फवारा देत गेले. भांगाची रेघ सगळ्यात शेवटी उजळली. कोट घातला नाही. कामावरचा शर्ट तसाच ठेवला, खिशासकट.

पुढे वीस वर्षं मी हे काम केलं. कॉम्प्युटर आला आणि थांबलं. किती जणांचे आईबाप, किती जणांची लेकरं माझ्या हाताखालून गेली. भाची म्हणते, मग शिकव ना मला. शिकवते आहे. परवा तिचा केक बिघडला तेव्हा ती ढसाढसा रडली, एवढ्याशा सूर्यास्तासाठी. मी तिला गप्प केलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पारशिवनीहून, आसपासच्या गावांतून पाहुणे आले होते. ओटीवर सतरंजी, फुलं, मेणबत्त्यांचा पुडा. मी फ्रेमवरचं वर्तमानपत्र सोडलं आणि आत्याबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती दाराकडे नेली. डोळ्यांशी धरली. मग उजव्या हाताचं बोट काचेवर ठेवून भांगावरून मागे ओढलं, हळूच, कंगवा ओढावा तसं. "आला," त्या म्हणाल्या. "हा आला माहा." कुणीतरी पुढे होऊन फोटो खिळ्याला लावला. वंदना झाली. मेणबत्ती आत्याबाईंनीच लावली.

जेवणं झाल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. गुडघ्यावर हात ठेवला. "कुसुम," म्हणाल्या, "मंग तो पयला कोन होता वं?"

मला सांगता आलं असतं, निगेटिव्ह उलटी पडली, चूक झाली. "तो माहा होता, आत्याबाई," मी म्हटलं.

पांढरट झालेले डोळे माझ्या तोंडाकडे लावून त्या बघत राहिल्या. मग माझं डोकं त्यांनी मांडीवर ओढून घेतलं. "म्हंजे आपले दोघं गेले वं पोरी," त्या म्हणाल्या, आणि त्या अख्ख्या वर्षात पहिल्यांदा मी रडले.